सावंतवाडीच्या लाकडी फळांना वास देताना: घरी पहिला फुला-फळांचा परफ्युम कसा बनवायचा

माझं आजोळ सावंतवाडीचं. मे महिन्यात गेलो की मोती तलावावरून फिरून चितार आळीत जायचं हे ठरलेलं, तिथल्या दुकानांत लाकडी भातुकली, भोवरे, बैलगाड्या आणि ती फळं. मी सहा-सात वर्षांची असताना आजीने मला एक छोटी टोपली घेऊन दिली, आंबा, केळं, अननस, पेरू, काजूचं बोंड, इतकी हुबेहूब रंगवलेली की पाहुणे हात घालायचे. मी प्रत्येक फळ नाकाला लावून हुंगायचे आणि दर वेळी रंगाचा न् लाकडाचा वास यायचा. आजी म्हणायची, "अगो, तां खरां न्हय, लाकडाचां आसा." तरी दुसऱ्या दिवशी परत हुंगायचे.

ती टोपली दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आली आणि तेव्हा डोक्यात बसलं की या फळांना जो वास नव्हता तो आपण बनवायचा. हापूस, केळं, अननस, मधे आजीच्या डोक्यातला मोगरा, आणि तळाशी ते कोरडं लाकूड. परफ्युमच्या भाषेत याला फ्लोरल फ्रुटी म्हणतात. खेळण्यावरून परफ्युम ही कल्पना काही नवीन नाहीये, मॉस्किनो या फॅशन कंपनीचा टॉय २ हा परफ्युम तर २०१८ पासून चक्क टेडीबेअरच्या बाटलीतच मिळतो. पण आपल्या खेळण्याचा आपणच बनवायचा म्हटलं की माहिती इकडेतिकडे विखुरलेली, अर्धी चुकीची, आणि मराठीत मला जवळजवळ काहीच सापडलं नाही. मला हे जमायला वर्ष लागलं. तुम्हाला दोन-तीन महिन्यांत जमावं म्हणून हे सगळं लिहितेय. तुमचं खेळणं वेगळं असेल, ठकी असेल, भोवरा असेल, पद्धत तीच.

आधी काय काय लागतं ते

सामान:
- ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा (सोनारांकडे असतो तसला, हजाराच्या आत मिळतो)
- १० मिलीच्या काचेच्या बाटल्या, वीसेक तरी
- काचेचे किंवा एकदाच वापरायचे ड्रॉपर, भरपूर
- ३० मिलीच्या दोन स्प्रे बाटल्या
- हातमोजे, टिश्यू, लेबलं, पर्मनंट मार्कर
- वास हुंगून बघायला जाड ड्रॉइंग पेपरच्या बोटाएवढ्या रुंद पट्ट्या (रेडिमेड मिळतात, पण मी घरीच कापते)
- एक वही. हे सगळ्यात महत्त्वाचं.

कागदपत्रं: प्रत्येक कच्च्या मालाबरोबर विक्रेत्याकडून तीन गोष्टी मागा, सेफ्टी डेटा शीट (पदार्थाचे धोके आणि काळजी लिहिलेला कागद), आयएफआरए सर्टिफिकेट आणि पक्कं बिल. आयएफआरए म्हणजे सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, १९७३ पासूनची. कुठला पदार्थ कातडीवर किती टक्क्यांपर्यंत चालतो याची मर्यादा ते ठरवतात. अंगावर मारायच्या परफ्युमसाठी त्यातली कॅटेगरी ४ बघायची. विक्रेता "त्याची काय गरज, सगळे असंच घेतात" म्हणाला तर तिथून घेऊ नका. मी एकदा घेतलं आणि दोन बाटल्या टाकून द्याव्या लागल्या, आत नक्की काय होतं ते आजही माहीत नाही.

१. खेळणं समोर ठेवा आणि वास लिहून काढा

बाजारात जायच्या आधी हे करा. मी उलटं केलं होतं, आधी पंधरा बाटल्या मागवल्या आणि मग विचार करत बसले, त्यातल्या निम्म्या आजही न उघडलेल्या आहेत.

खेळणं हातात घ्या, डोळे मिटा, आणि वहीत दोन याद्या करा. एक, त्याला खरोखर कुठला वास आहे किंवा होता. दोन, त्याच्याबरोबर काय काय आठवतं. माझ्या पहिल्या यादीत होतं कोरडं हलकं लाकूड (ही खेळणी बहुतेक पांगाऱ्याची असतात, वजनाला एकदम हलकी), रंग, वॉर्निश. दुसऱ्या यादीत पिकायला पेंढ्यात घातलेले आंबे, आजीचा मोगऱ्याचा गजरा, मार्च-एप्रिलात सुरंगीच्या फुलांचे वळेसर म्हणजे गजरे, दुपारी कापलेल्या अननसाला लावलेलं मीठ, परसातलं ओलं गवत.

आता यातून जास्तीत जास्त पाच गोष्टी निवडा. पाचच. पहिल्या परफ्युममध्ये सगळं कोंबायचा मोह होतो आणि मग त्याला कसलाच वास येत नाही, नुसता दुकानातल्या सगळ्या बाटल्या एकदम उघडल्यासारखा घमघमाट येतो. मला सुरंगी सोडावी लागली याचं वाईट वाटलं, पण तिचा खात्रीचा अर्क मिळाला नाही आणि खोटी सुरंगी मला नको होती. मी ठेवलं: आंबा, केळं-अननस (एकच धरलं), गवत, मोगरा, लाकूड.

२. अल्कोहोल की तेल ते ठरवा

दोन रस्ते आहेत. अत्तरासारखं तेलात बनवायचं तर फ्रॅक्शनेटेड कोकोनट ऑइल किंवा जोजोबा तेल घ्या, मिळायला सोपं, आग लागायची भीती कमी, पण फळांचे वास तेलात दबतात. आंबा-अननस उडून नाकाशी यायला हवेत आणि ते काम अल्कोहोलच करतं. खेळकर, हलका परफ्युम हवा असेल तर माझं मत स्पष्ट आहे, अल्कोहोल.

पण कुठलं, इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. परफ्युमर्स अल्कोहोल या नावाने परफ्युमसाठीच डिनेचर केलेलं, म्हणजे पिता येऊ नये असं केलेलं इथेनॉल मिळतं, तेच घ्या, बिलासकट. हार्डवेअरच्या दुकानातलं पॉलिशचं स्पिरिट अजिबात नाही, त्यात मिथेनॉल असू शकतं आणि ते विष आहे, श्वासातून आणि कातडीतूनही शरीरात जातं. थिनर नाही. सॅनिटायझर नाही, त्यात ग्लिसरीन आणि पाणी असतं, सगळं गढूळ होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे इंजेक्शनच्या आधी पुसतात ते, त्याला स्वतःचा दवाखान्याचा वास असतो तो शेवटपर्यंत जात नाही.

आणि घरात काम करताना गॅस बंद, देवघरातली निरांजन-उदबत्ती बंद, खिडकी उघडी. अल्कोहोलची वाफ दिसत नाही पण पेट घेते. घरात दम्याचं कोणी असेल तर त्यांच्या खोलीपासून लांब बसा.

३. कच्चा माल आणा

मुंबईत असाल तर प्रिन्सेस स्ट्रीटकडे केमिकलवाल्यांची दुकानं आहेत, मोहम्मद अली रोडला अत्तरवाले आहेत. बाकी सगळीकडून ऑनलाइन. सुरुवातीला प्रत्येक गोष्ट १० ग्रॅमच घ्या, १० ग्रॅम खूप दिवस पुरतं.

आधी काय घ्यायचं नाही ते सांगते.

केक-आइस्क्रीमचा मँगो इसेन्स. मी पहिला प्रयोग त्याच्यावरच केला. त्यात रंग असतो, माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर पिवळे डाग पडले ते कायमचे, आणि वास वीस मिनिटांत गायब.

अगरबत्ती-मेणबत्तीसाठीचं मँगो फ्रॅग्रन्स ऑइल. वास जोरदार असतो म्हणून हुरळून जायला होतं, पण ते कातडीसाठी बनवलेलं नसतं. लेबलवर मेणबत्तीसाठी असं लिहिलं असेल तर ते मेणबत्तीतच जाऊ दे.

खरी फळं किंवा खरी फुलं अल्कोहोलमध्ये बुडवून ठेवणं. हे प्रत्येक जण करून बघतोच. आंब्याच्या फोडी घातल्या तर पाणी उतरतं, दोन दिवसांत आंबूस वास. मोगरा घातला तर शिजवलेल्या पालेभाजीसारखा वास येतो. याचं कारण समजून घ्या म्हणजे मोह होणार नाही. मोगऱ्याची कळी तोडल्यावरही जिवंत असते, संध्याकाळी उमलते आणि तासन् तास वास बनवत राहते, अल्कोहोलमध्ये टाकली की तिथल्या तिथे मरते. म्हणून तर आपल्याकडे पूर्वी तीळ आणि ताजी फुलं यांचे थर लावायचे, रोज फुलं बदलायची, तीळ वास शोषून घ्यायचे आणि मग त्या तिळाचं तेल काढायचे. ते जमलं तर फार सुंदर, पण पहिल्या प्रोजेक्टला नको.

आता काय घ्यायचं. नावं बघून घाबरू नका, यातली बरीचशी रसायनं खऱ्या फळा-फुलांतसुद्धा असतात.

फळांसाठी:

गॅमा अनडेकॅलॅक्टोन. बाजारात हे आल्डिहाइड सी-१४ किंवा पीच आल्डिहाइड या नावाने मिळतं आणि गंमत म्हणजे ते आल्डिहाइडही नाही आणि त्यात १४ कार्बनही नाहीत, जुनं नाव चिकटलं ते चिकटलं. गर्लां या फ्रेंच कंपनीच्या मित्सुको या १९१९ च्या परफ्युममध्ये पीचचा वास याचाच. लॅक्टोन नावाच्या ज्या गटात हे बसतं त्याच गटातल्या रसायनांमुळे पिकलेल्या हापूसला तो जाड, साईसारखा गोडवा येतो, म्हणून आपल्या आंब्याचा गर आपण याच्यापासून उभा करणार. नावांचा गोंधळ टाळायला कॅस नंबर बघून घ्या, याचा १०४-६७-६. प्रत्येक केमिकलला असा एक नंबर असतो, नाव काहीही छापलेलं असो नंबर जुळला पाहिजे.

आयसोअमाइल अॅसिटेट, कॅस १२३-९२-२. हे म्हणजे केळं. बाटली उघडली की लहानपणच्या केळ्याच्या गोळ्या आठवतात, पण प्रचंड जोरदार, जरा जास्त पडलं तर नेलपॉलिश.

अलाइल कॅप्रोएट, कॅस १२३-६८-२, अननस. हेक्झिल अॅसिटेट, सफरचंद-पेर यांच्या मधलं काहीतरी, सगळ्या फळांना रसरशीत करतं. संत्र्याचं तेल, गोड संत्र्याचंच. लिंबाचं किंवा बर्गमॉटचं साधं दाबून काढलेलं तेल नको, ते अंगावर असताना ऊन लागलं तर कातडी भाजून काळे डाग पडू शकतात.

सिस-३-हेक्झेनॉल, हे कापलेलं गवत. एक थेंब, पण हा नसेल तर फळं चॉकलेटच्या कागदातली वाटतात, हा असेल तर झाडावरची.

फुलासाठी: मोगऱ्याचं अॅब्सोल्यूट म्हणजे फुलांचा घट्ट अर्क, तामिळनाडूतल्या मोगऱ्याचं चांगलं मिळतं, महाग असतं म्हणून २-३ ग्रॅमच घ्या. त्याला आधार द्यायला बेन्झिल अॅसिटेट (जाई-मोगऱ्यातलं फळासारखं अंग), फेनिल इथाइल अल्कोहोल (गुलाबपाण्याचा वास), लिनलूल आणि हेडिओन. हेडिओनला बहुतेकांना आधी वासच येत नाही. मी विक्रेत्याला फोन करून भांडले होते की बाटलीत पाणी पाठवलंत. तसं नाहीये, ते एकटं फिकट असतं पण बाकीच्या फुलांमध्ये हवा भरतं, दिऑरच्या ओ सोव्हाज या परफ्युममध्ये १९६६ साली वापरलं आणि मग सगळ्या जगाने उचललं.

लाकडासाठी: आयसो ई सुपर आणि देवदाराचं तेल. खेळण्याचं ते कोरडं, गुळगुळीत, नुकतं पॉलिश केल्यासारखं लाकूड यातून येतं. तळाला मस्क म्हणजे कस्तुरीसारखा वास म्हणून इथिलीन ब्रासिलेट, आणि साखरेच्या पाकाचा वास द्यायला इथाइल माल्टॉल, जत्रेतल्या बुढ्ढी के बाल सारखा. याचे स्फटिक असतात.

४. जोरदार गोष्टी आधी पातळ करून घ्या

हे स्टेप कंटाळवाणं आहे म्हणून लोक सोडतात आणि तिथेच सगळं बिघडतं. केळं, अननस, गवत, हेक्झिल अॅसिटेट, पीच, मोगरा अॅब्सोल्यूट आणि माल्टॉल हे सात १० टक्क्यांचे करून ठेवायचे. रिकामी बाटली काट्यावर ठेवा, शून्य करा, १ ग्रॅम माल, ९ ग्रॅम परफ्युमर्स अल्कोहोल, झाकण, हलवा, लेबल लावा. लेबलवर नाव, १० टक्के, तारीख. "नंतर लावते लेबल" असं करू नका, सात पांढऱ्या बाटल्या नंतर ओळखता येत नाहीत.

थेंब मोजू नका, वजन करा. थेंब ड्रॉपरप्रमाणे, पदार्थाच्या जाडीप्रमाणे लहान-मोठा होतो. आज छान जमलेला परफ्युम महिन्याने परत बनवता येणार नाही. आणि प्लास्टिकचे पातळ पारदर्शक ग्लास वापरू नका, संत्र्याचं तेल त्यातलं काही प्लास्टिक अक्षरशः खातं, माझ्या टेबलावर सगळं सांडलं होतं. काचच.

५. नाकाला ओळख करून द्या

प्रत्येक पदार्थ पट्टीच्या टोकाला लावा, पट्टीवर आधीच नाव लिहा. लगेच हुंगा, १० मिनिटांनी, १ तासाने, दुसऱ्या दिवशी सकाळी. वहीत लिहा, पुस्तकी शब्द नको, तुमचे शब्द. माझ्या वहीत आयसो ई सुपरपुढे लिहिलंय "नवीन पेन्सिलीला टोक केल्यावर, पण लांबून".

यातून तुम्हाला आपोआप कळेल की संत्रं-केळं-अननस तासाभरात पळतात, मोगरा काही तास टिकतो, मस्क आणि लाकूड दुसऱ्या दिवशीही असतात. टॉप, मिडल, बेस नोट म्हणतात ते एवढंच.

एका बैठकीत पाच-सहापेक्षा जास्त हुंगू नका, नाक थकतं आणि मग सगळं सारखंच लागतं. कॉफीच्या बिया हुंगा असं सांगतात, मला त्याचा उपयोग झाला नाही, त्यापेक्षा स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला नाक लावा किंवा सरळ गॅलरीत जाऊन या. एखादा मस्क तुम्हाला अजिबातच आला नाही तर बाटली खराब आहे असं धरू नका, काही माणसांना काही मस्क येतच नाहीत, घरात दुसऱ्याला हुंगायला द्या.

६. आधी तीन छोटे तुकडे बनवा

सगळं एकदम मिसळू नका. एका बाटलीत नुसतं फळ, एकीत फूल, एकीत लाकूड, प्रत्येकी ग्रॅमभर. आधी फळ फळासारखं येतंय का बघा. माझा आंबा पहिल्या चार वेळा डब्यातल्या पीचसारखा येत होता, गोड पण परका. मग गवत थोडं वाढवलं आणि संत्र्याचं तेल घातलं तेव्हा देठाकडच्या चिकाचा भास झाला आणि तो आपला आंबा झाला. तो क्षण मला अजून आठवतो, मी आईला झोपेतून उठवून पट्टी दिली होती आणि ती डोळे न उघडता म्हणाली, "आंबे आले का?"

नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशामुळे सुधारलं ते कळत नाही.

७. आता पूर्ण फॉर्म्युला

हा माझा अकरावा प्रयत्न. एकूण १० ग्रॅम अर्क होतो. सुरुवातीला सगळे आकडे पाचने भागून २ ग्रॅमच बनवा. त्यात केळ्यासारखे आकडे ०.०२ वर येतात, तिथे हात हळू चालवा.

तळ:
- आयसो ई सुपर १.५० ग्रॅम
- इथिलीन ब्रासिलेट १.०० ग्रॅम
- देवदार तेल ०.१५ ग्रॅम
- इथाइल माल्टॉल (१० टक्के) ०.१० ग्रॅम

फूल:
- हेडिओन २.५० ग्रॅम
- फेनिल इथाइल अल्कोहोल ०.६० ग्रॅम
- लिनलूल ०.६० ग्रॅम
- बेन्झिल अॅसिटेट ०.५० ग्रॅम
- मोगरा अॅब्सोल्यूट (१० टक्के) ०.५० ग्रॅम

फळ:
- संत्र्याचं तेल १.२० ग्रॅम
- पीच म्हणजे गॅमा अनडेकॅलॅक्टोन (१० टक्के) ०.६० ग्रॅम
- हेक्झिल अॅसिटेट (१० टक्के) ०.३० ग्रॅम
- अननस (१० टक्के) ०.२० ग्रॅम
- गवत (१० टक्के) ०.१५ ग्रॅम
- केळं (१० टक्के) ०.१० ग्रॅम

याच क्रमाने घाला, तळ आधी, फळ शेवटी, म्हणजे उडून जाणाऱ्या गोष्टी कमी वेळ उघड्या राहतात. प्रत्येक पदार्थानंतर काटा शून्य करा आणि वहीतल्या आकड्यापुढे टिक. जास्त पडलं तर काढायला जाऊ नका, जेवढं पडलं तेवढं लिहा आणि बाकीचं त्या प्रमाणात वाढवा.

कोणाला फळं जास्त हवी असतात, मुलींसाठी बनवताना मी केळं ०.१५ करते. लाकूड मात्र कमी करू नका. लाकूड काढलं की हा नुसता ज्यूस होतो, खेळणं त्यातून निघून जातं.

८. मुरत ठेवा

अर्क तसाच आठवडाभर बंद कपाटात ठेवा. मग १० ग्रॅम अर्काला ४५ ग्रॅम परफ्युमर्स अल्कोहोल, म्हणजे १० टक्क्यांच्या बाटल्यांतलं अल्कोहोल वजा धरलं तर साधारण १५ टक्क्यांचा परफ्युम होतो, ओ द परफ्युम म्हणतात त्या जोराचा. ५५ ग्रॅम म्हणजे ६५ मिलीच्या आसपास, दोन बाटल्या भरून थोडा उरतो. २ ग्रॅमच बनवला असेल तर ९ ग्रॅम अल्कोहोल.

परत अंधारात, थंड जागी, ३ ते ४ आठवडे. फ्रीजची गरज नाही, खिडकीत मात्र नको. पहिल्या दिवशी हुंगलात तर अल्कोहोलच नाकात जाईल आणि वाटेल सगळं वाया गेलं. थांबा. लोणचं घातल्या दिवशी खात नाही तसंच हे, मुरल्यावर कडा जातात आणि सगळं एक होतं. माझ्या सातव्या प्रयत्नाची बाटली मी दुसऱ्याच दिवशी ओतून दिली होती आणि वहीत बघितलं तर तो आत्ताच्या फॉर्म्युल्याच्या अगदी जवळ होता.

तळाशी थोडा गाळ बसला तर मोगऱ्यातलं मेण असतं, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळून घ्या. रंग हलका पिवळा होतो, तो तसाच असू दे, रंग घालू नका.

९. अंगावर लावायच्या आधी

कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब, २४ ते ४८ तास वाट बघा. लाल झालं, खाज आली तर साबणाने धुवा आणि तो फॉर्म्युला वापरू नका. लहान मुलांच्या अंगावर मारू नका, त्यांना हवाच असेल तर रुमालावर किंवा फ्रॉकच्या घेरावर, तोही डाग पडत नाही ना ते कोपऱ्यात बघून. मैत्रिणीला देणार असाल तर आत काय काय आहे ती यादी चिठ्ठीवर लिहून द्या, कारण लिनलूलची किंवा संत्र्याच्या तेलातल्या लिमोनिनची अॅलर्जी असणारी माणसं असतात.

वास कपड्यावर आणि कातडीवर वेगळा येतो. माझ्या हातावर मोगरा पुढे येतो, बहिणीच्या हातावर आंबा. दोन्ही बरोबर.

१०. पाठवायचा किंवा विकायचा असेल तर

पाठवणं: अल्कोहोलचा परफ्युम ज्वलनशील माल समजला जातो, साध्या पोस्टाने किंवा विमानाच्या पार्सलने गुपचूप पाठवू नका. कुरियरला आधी सांगा, जे रस्त्याने नेतात आणि घेतात त्यांनाच द्या. परदेशी जाणाऱ्या कोणाबरोबर द्यायचा असेल तर केबिन बॅगेत १०० मिलीपर्यंतची बाटली, पारदर्शक पिशवीत.

विकणं: घरी चार जणांना देणं वेगळं आणि विकणं वेगळं. परफ्युम कायद्याने कॉस्मेटिक आहे, विकायला बनवायचा तर कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे उत्पादनाचं लायसन्स लागतं, आपल्याकडे ते अन्न व औषध प्रशासन बघतं. इन्स्टावर लोक लायसन्सशिवाय विकतात म्हणून आपणही विकावं असं नाही. ज्यांना करायचंय त्यांना लायसन्स असलेल्या कारखान्याकडून आपला फॉर्म्युला बनवून घ्यायचा मार्ग असतो.

आणि एक शेवटची गोष्ट, कारण ही चूक माझ्याकडून झालीय. परफ्युम तयार झाला की पहिला स्प्रे खेळण्यावर मारावासा वाटतो. मारू नका. खेळण्यावर लाखेचा थर असेल तर तो स्पिरिटमध्ये विरघळतो, वॉर्निशही मऊ पडतं. माझ्या टोपलीतल्या पेरूवर एका बाजूला पांढुरका डाग आहे आणि बोट लावलं तर चिकट लागतं. चितार आळीत नेऊन परत रंगवून आणता येईल, पण आजीने घेतलेला रंग तोच राहावा म्हणून मी नेला नाही. त्याऐवजी पट्टीवर दोन स्प्रे मारा, पाच मिनिटं वाळू द्या, आणि ती पट्टी टोपलीच्या तळाशी, कापडाच्या खाली सरकवा, फळांना लागणार नाही अशी. मग दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडी आंबा उचलून नाकाला लावा.